दिव्यांग नातवाच्या नावावर ठेव ठेवण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नातवंडांच्या नावाने गुंतवणूक कशी करावी याबद्दलचा लेख वाचला. परदेशात असलेल्या नातवंडांसाठीही आजी-आजोबांनी इथे ठेव ठेवावी, पुढे त्यांना ती उपयोगी पडते, असं त्यात म्हटलं आहे. बहुतेक नातवंडांच्या बाबतीत ते खरंच आहे. पण नातवंड दिव्यांग असेल आणि अमेरिकेत राहत असेल, तर हाच सल्ला त्याच्या मुळावर येऊ शकतो. आमच्या घरात ते घडलं आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी पोस्टात ३४ वर्षं नोकरी केली आणि २०१६ साली सब पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. आवर्ती ठेव, राष्ट्रीय बचतपत्रं, किसान विकासपत्रं, पीपीएफ यातच माझा जन्म गेला. मोलकरणीपासून मामलेदारापर्यंत सगळ्यांना मी एकच सांगत आले, लेकराच्या नावाने काहीतरी टाकत राहा. आमच्या ह्यांनाही तीच सवय लागली होती. ते माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे.

आमची लेक न्यू जर्सीत असते. तिचा मुलगा २००६ साली तिथेच जन्मला. त्याला डाउन सिंड्रोम आहे. तो चार महिन्यांचा असताना मी तिकडे गेले होते, आणि परत आल्यावर ह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, ‘आईबापानंतर याचं कसं?’ हा प्रश्न त्यांच्या मनातून कधी गेला नाही. त्यांनी २०१९ मध्ये मृत्युपत्र केलं, तेव्हा नातवाला १८ वर्षं पूर्ण झाली की ६ लाख रुपये द्यावेत असं त्यात लिहिलं. आकडा मीच सुचवला होता. आमच्या दोघांच्या पेन्शनमधून वर्षानुवर्षं बाजूला काढलेले पैसे होते ते. ते लिहून झालं तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला अजून दिसतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये हे गेले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नातू अठरा वर्षांचा झाला आणि एका रात्री लेकीचा फोन आला. ‘आई, बाबांनी ह्याच्या नावे नक्की किती आणि कसं ठेवलंय? मला सगळे कागद पाठव.’ आवाजावरून काहीतरी बिनसलंय हे कळलं. मग तिने जे समजावून सांगितलं ते मला नीट कळायला दोन-तीन फोन लागले.

अमेरिकेत गरजू दिव्यांगांना केंद्र सरकारकडून दरमहा मदत मिळते. तिला सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम, थोडक्यात एसएसआय म्हणतात. मूल १८ वर्षांखालचं असताना आईबापांची मिळकत धरतात, त्यामुळे नोकरदार घरातल्या मुलाला ती सहसा मिळत नाही. अठरा पूर्ण झाले की मुलाचं स्वतःचं काय आहे तेवढंच बघतात. म्हणून अशा मुलांचे आईबाप अठराव्या वाढदिवसानंतर लगेच अर्ज करतात. २०२६ साली ही मदत जास्तीत जास्त ९९४ डॉलर महिना आहे. पण माझी लेक म्हणाली की रकमेपेक्षाही तिच्या पाठोपाठ मिळणारं मेडिकेड महत्त्वाचं. मेडिकेड म्हणजे सरकारी आरोग्य विमा. न्यू जर्सीत अशा मुलांची शाळा २१ व्या वर्षी संपते. त्यानंतर दिवसभराचं केंद्र, सोबतीला माणूस, कामाचं प्रशिक्षण हे सगळं राज्याच्या ज्या विभागाकडून मिळतं, तो मेडिकेड असल्याशिवाय दारात उभं करत नाही. तेव्हा मेडिकेड गेलं तर पोराचा दिवस कसा जाणार, हा प्रश्न आहे.

आणि एसएसआयची अट अशी की माणसाच्या नावावर २,००० डॉलरपेक्षा जास्त काही नसावं. राहतं घर, एखादी गाडी असल्या गोष्टी वगळून. २,००० डॉलर म्हणजे आपले पावणेदोन लाखांच्या आसपास. ही मर्यादा १९८९ पासून बदललेली नाही. त्यात अमेरिकेतली संपत्ती वेगळी आणि मिरजेतली वेगळी असं काही नसतं. जगात कुठेही असलेली ठेव अर्जावर लिहावीच लागते. ह्यांचे ६ लाख म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे सात हजार डॉलर. ज्या पैशांनी नातवाचं पुढचं सोपं व्हावं असं ह्यांना वाटत होतं, त्याच पैशांपायी त्याची मदत बंद व्हायची वेळ आली होती.

मी म्हटलं, मग नको म्हणून लिहून देऊ या, लेकीच्याच नावावर करू. तर तेही चालत नाही. वारशाने येणारे पैसे नाकारले तर ते मुद्दाम दुसऱ्याला देऊन टाकले असं धरतात आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत मदत थांबवू शकतात.

तिकडच्या वकीलबाईंनी मार्ग सांगितला तो ‘एबल’ खात्याचा. हे नाव मी तोवर ऐकलं नव्हतं आणि इथे कुणाला विचारलं तर त्यांनीही ऐकलेलं नव्हतं. म्हणून ते जरा सविस्तर लिहिते.

हे खातं दिव्यांग माणसाच्या स्वतःच्या नावाने निघतं, एका माणसाला एकच. त्यात तो स्वतः, आईबाप, आजी-आजोबा, मित्र, कुणीही पैसे भरू शकतं. सगळ्यांचे मिळून वर्षाला किती भरायचे याला मर्यादा आहे, २०२५ साली ती १९,००० डॉलर होती. केंद्राच्या आयकरात पैसे भरताना वजावट मिळत नाही. पण पैसे वाढतात त्या वाढीवर कर नाही, आणि दिव्यांग माणसाच्या गरजांसाठी काढले तर काढतानाही कर नाही. शिक्षण, घरभाडं, प्रवास, औषधपाणी, उपकरणं, कामाचं प्रशिक्षण, वकिलाची फी, एवढंच काय अंत्यविधीचा खर्चही त्या गरजांत बसतो. भलत्या कारणासाठी काढले तर वाढीवर कर आणि वर १० टक्के दंड. या खात्यातले पहिले १ लाख डॉलर एसएसआयच्या त्या २,००० मध्ये मोजत नाहीत. १ लाखाच्या वर गेलं तर एसएसआय थांबतं, पण मेडिकेड चालूच राहतं. ज्याला स्वतःला व्यवहार जमत नाही त्याच्या वतीने आई, बाप, भावंड खातं बघू शकतं, आणि त्या यादीत आजी-आजोबाही आहेत, हे मला फार आवडलं.

या खात्यामागे एका बापाची धडपड आहे. व्हर्जिनिया राज्यातल्या स्टीफन बेक ज्युनियर यांच्या मुलीला डाउन सिंड्रोम होता. मुलांच्या कॉलेजसाठी अमेरिकेत करमुक्त बचत खाती निघतात, मग माझ्या या मुलीसाठी का नाही, म्हणून त्यांनी आणि इतर पालकांनी वर्षानुवर्षं खेटे घातले. डिसेंबर २०१४ मध्ये कायदा मंजुरीच्या टप्प्यावर आला आणि त्याच महिन्यात बेक अचानक वारले. अध्यक्ष ओबामांची सही १९ डिसेंबरला झाली. ती त्यांना बघायला मिळाली नाही. कायद्याला आज त्यांचं नाव आहे. पहिली खाती २०१६ मध्ये ओहायो राज्याने उघडली.

लेकीने हे सांगितलं तेव्हा मला तारीख ऐकून चमकायला झालं. जानेवारी २०१५ मध्ये आपल्याकडे सुकन्या समृद्धी योजना सुरू झाली. म्हणजे दोन्ही गोष्टी एका महिन्याच्या अंतरातल्या. मी तेव्हा काउंटरवर होते. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या पोस्टात सुकन्याच्या पासबुकांसाठी रांग लागायची. एक दिवस एक रिक्षावाला जुळी मुलं घेऊन आला, एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगा कडेवर होता, त्याला सेरेब्रल पाल्सी. मुलीचं खातं काढून झालं, हजार रुपये भरले, आणि त्याने मुलाला काउंटरवर बसवून म्हटलं, ‘बाई, याचं पण काढा. याला तर जास्त लागणार.’ मला सांगावं लागलं की ते फक्त मुलींसाठी आहे. मी त्याला मुलाच्या नावाने पीपीएफ काढून दिलं. मुलीला तेव्हा ९.१ टक्के व्याज होतं, मुलाला ८.७. त्याने ते पुन्हा विचारून खात्री करून घेतली आणि काही न बोलता सही केली. त्याचं ‘याला तर जास्त लागणार’ मी विसरलेले नाही. आपल्याकडे अशा मुलाच्या आईबापांना आयकरात ७५,००० रुपयांची वजावट मिळते, तीव्र अपंगत्व असेल तर १,२५,००० ची. पण ती जुन्या करप्रणालीतच, आणि मुळात जो कर भरतो त्यालाच. रिक्षावाल्याला तिचा काय उपयोग? पोस्टात एक पासबुक, त्याला सुकन्याइतकं व्याज, आणि त्यातल्या रकमेमुळे पोराचं निराधार अनुदान अडणार नाही अशी हमी, एवढं सरकारला अशक्य नाही. हे काम पोस्ट करू शकतं, मी ३४ वर्षं ते बघितलं आहे. खासदारांनी हा विषय लावून धरावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता पुन्हा नातवाकडे वळते. लेकीने अर्जात वारशाची सगळी माहिती खरी खरी लिहिली. इथल्या एका बँकेत कागदपत्रांचा घोळ बरेच महिने चालला, तिचं नाव लिहीत नाही. पैसे नातवापर्यंत पोचायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. मधल्या काळात त्याची मदत मंजूर झाली होती आणि एबल खातंही उघडून ठेवलं होतं. ज्या महिन्यात पैसे हातात येतात त्या महिन्यात ते उत्पन्न धरलं जातं, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला शिल्लक असतील तर संपत्ती. म्हणून लेकीने ते त्याच महिन्यात एबल खात्यात भरले. त्या एका महिन्याची मदत गेली, बाकी सगळं वाचलं. पण त्या नऊ महिन्यांत लेकीला किती रात्री झोप लागली नाही ते मला माहीत आहे. ह्यांनी मृत्युपत्र लिहिण्याआधी आम्हाला कुणी दोन वाक्यं सांगितली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

मी गेल्या उन्हाळ्यात तिकडे होते. नातू आता आठवड्यातून दोन दिवस एका किराणा दुकानात ढकलगाड्या गोळा करून रांगेत लावायचं काम करतो. पगार झाला की त्यातला काही भाग एबल खात्यात जातो. त्या खात्याचं एक कार्ड आहे, त्याच्यावर त्याचं नाव छापलेलं आहे. रेल्वेच्या तिकिटाच्या यंत्रापाशी त्याने मला बाजूला सारलं आणि स्वतःच्या कार्डाने माझंसुद्धा तिकीट काढलं. माझ्या तिकिटाचे पैसे नियमात बसत नाहीत, म्हणून लेकीने ते घरी आल्यावर त्याच्या खात्यात परत भरले. आजीचं तिकीट मी काढलं हे मात्र तो संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सांगत होता.

तिथेच लेकीच्या ओळखीच्या एका घरी गेलो होतो. त्यांचा मुलगाही असाच, पण त्यांना एबल माहीत नव्हतं. तो काम करतो, महिनाअखेर त्याच्या खात्यात २,००० च्या जवळ रक्कम गेली की त्याची आई घाईघाईने काहीतरी विकत आणते. एका कपाटात बुटांचे नवे जोड बघितले, खोक्यांतून न काढलेले. पोराने मिळवलेला पैसा महिना संपायच्या आत संपवायचा! ज्या बाईने आयुष्यभर लोकांना साठवायला शिकवलं तिला ते बघवेना. लेकीने त्याच रात्री त्यांना खातं उघडून दिलं, घरबसल्या इंटरनेटवर.

ज्यांची नातवंडं अशी तिकडे आहेत त्यांनी आपले कागद एकदा काढून बघावेत. मृत्युपत्रात, ठेवीवर, बचतपत्राच्या वारस नोंदीत त्याचं थेट नाव आहे का? असेल तर मुलाशी किंवा लेकीशी बोलून ते बदलावं. माझे दीर म्हणत होते की वाटणीच्या एकराच्या सातबाऱ्यावर नातवाचं नाव चढवू, पोराचा हक्क राहील. मी त्यांना हात जोडून थांबवलं. रक्कम मोठी असेल, घर किंवा जमीन असेल, तर तिकडे आईबाप वकिलाकडून वेगळा विश्वस्त निधी करून घेतात, त्याला थर्ड पार्टी स्पेशल नीड्स ट्रस्ट म्हणतात, आणि मृत्युपत्रात मुलाऐवजी त्या ट्रस्टचं नाव घालायचं. एबल खात्यात मोठी रक्कम ठेवण्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. खातेदार वारला तर त्याच्यावर मेडिकेडने केलेल्या खर्चापोटी राज्य उरलेल्या पैशांवर हक्क सांगू शकतं. ट्रस्टमधले आपण दिलेले पैसे असे जात नाहीत.

आणि दिवाळीची ओवाळणी, वाढदिवसाचे पैसे पाठवायचे असतील तर नातवाच्या साध्या बँक खात्यात पाठवू नयेत. मी बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरून लेकीला भेट म्हणून पाठवते आणि ती एबलमध्ये भरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत असे पाठवता येतात, आणि वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत त्यावर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, तोही कापला जात नाही.

१ जानेवारी २०२६ पासून एक मोठा बदल झाला आहे, तो बऱ्याच घरांना ठाऊक नसेल. आतापर्यंत अपंगत्व वयाच्या २६ वर्षांच्या आत आलेलं असेल तरच एबल खातं निघायचं. आता ती अट ४६ वर्षांची झाली आहे. माझ्या पोस्टातल्या एका मैत्रिणीचा भाचा टेक्सासमध्ये असतो. वयाच्या ३३ व्या वर्षी त्याला अपघात झाला, तेव्हापासून तो चाकांच्या खुर्चीवर आहे. त्याला इतकी वर्षं हे दार बंद होतं. जानेवारीत मी मैत्रिणीला फोन करून हे सांगितलं.

गेल्या महिन्यात मी माझं स्वतःचं मृत्युपत्र बदललं. लेकीने तिकडे ट्रस्ट केला आहे, त्याचं पूर्ण नाव एका कागदावर लिहून घेऊन निबंधक कार्यालयात गेले. तिथला कारकून जुना कागद वाचून म्हणाला, ‘आजी, नातवाचं नाव काढताय?’ त्याला सगळं समजावून सांगितलं. मागे बाकावर बसलेले एक गृहस्थ लक्ष देऊन ऐकत होते. त्यांची नात कॅनडात आहे, तिला ऑटिझम आहे. कॅनडाचं खातं वेगळं असतं, ते २००८ पासून आहे, त्याला आरडीएसपी म्हणतात, आणि त्यात भरलेल्या पैशांवर सरकार स्वतःही भर घालतं, आयुष्यभरात ७०,००० डॉलरपर्यंत अनुदान, हे मला लेकीकडून कळलं होतं. त्यांच्या मुलाला हे माहीत आहे का ते त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी माझंच पेन मागून घेतलं, एसटीच्या तिकिटामागे ते नाव लिहिलं आणि रात्री मुलाला फोन करतो म्हणाले.

आपली नम्र,
एक निवृत्त सब पोस्टमास्तर, मिरज
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत दिला आहे, छापू नये ही विनंती.)